आडवं की उभं? गणपतीच्या शाळेतल्या चित्रणाचं दीड वर्ष

कुडाळ तालुक्यात माझ्या मामाची गणपतीची शाळा आहे. शाळा म्हणजे मूर्ती घडवण्याची जागा, हे कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते. मे २०२४ मध्ये मी तिथे चित्रण सुरू केलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यातून पहिली रक्कम बँकेत जमा झाली. मधल्या काळात मला सगळ्यात जास्त अडवलं ते एकाच प्रश्नाने: फोन आडवा धरायचा की उभा? कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं, "रीलसाठी उभा, यूट्यूबसाठी आडवा." हे खोटं नाही, पण शाळेच्या पडवीत ट्रायपॉड घेऊन उभं राहिल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून सगळं घडलं त्या क्रमाने, खर्च आणि कागदपत्रांसकट लिहिते आहे.

आधी हेतू ठरवला होता. मामाची सत्तरी जवळ आली आहे. त्याचा मुलगा गोव्यात नोकरीला आहे आणि शाळेत बसणारं पुढच्या पिढीतलं सध्या कुणी नाही. शाडू भिजवण्यापासून डोळ्यांच्या आखणीपर्यंत मामा काय करतो, ते उद्या कुणाला शिकावंसं वाटलं तर बघून शिकता यावं, ही पहिली इच्छा. दुसरी, मुंबई-पुण्यातल्या लोकांना हे काम दिसावं आणि मातीच्या मूर्तीला मागणी यावी. आता मागे वळून बघताना वाटतं, आडव्या-उभ्याचा अर्धा निर्णय इथेच झाला होता. शिकणारा माणूस निवांत बसून, शक्यतो मोठ्या पडद्यावर बघतो. ओळख करून घेणारा लोकलमध्ये उभा राहून एका हाताने बघतो.

मेमध्ये फक्त तयारी केली. जून आला की आमच्याकडे पडवीत दुपारीही दिवा लावावा लागतो, त्यामुळे उजेड आहे तोवर जागा, अंतरं आणि कोन बघून ठेवायचे होते. सामान असं घेतलं: ट्रायपॉड १,८०० रुपये, फोन आडवा-उभा फिरवता येईल असा क्लॅम्प ४५०, वरून खाली बघणारं चित्रण करायला आडवा दांडा १,२००, कॉलरला लावायचा माईक २,१०० आणि चित्रण साठवायला एक टीबीची एसएसडी ६,५००. एकूण १२,०५० रुपये. फोन माझाच होता आणि दुसरा बहिणीने दिलेला जुना. या यादीत एसएसडी सगळ्यात महाग दिसते, पण ती टाळू नका. माझ्या फोनवर फोर-के चित्रणाचं एक मिनिट साधारण १७० एमबी घेतं, म्हणजे तासाला दहा जीबीच्या आसपास. मूर्तिकाराचं काम तासांत चालतं, मिनिटांत नाही. आणि क्लॅम्प फिरणाराच घ्या. न फिरणारा स्वस्त मिळतो, पण मग आडव्याचं उभं करायला प्रत्येक वेळी फोन काढून पुन्हा लावावा लागतो आणि तोपर्यंत मामाचा हात पुढच्या कामावर गेलेला असतो.

पहिल्याच दिवशी मामाने विचारलं, "मूर्ती उभी आसा, मगे फोन आडवो कित्याक धरतंस?"

प्रश्न अगदी बरोबर होता आणि मी त्याचा हिशोब मांडून बघितला. फोर-के आडवं चित्रण ३८४० बाय २१६० ठिपक्यांचं असतं. पाटापासून मुकुटापर्यंत मूर्ती चौकटीत बसवली, तर तिच्या उंचीला जास्तीत जास्त २१६० ठिपके मिळतात आणि दोन्ही बाजूंना भिंत, बादली, पोती दिसत राहतात. फोन उभा केला की त्याच मूर्तीच्या उंचीला ३८४० ठिपके मिळतात. दागिन्यांची नक्षी, सोंडेवरची वळणं लगेच खुलून दिसतात. अख्खी मूर्ती दाखवायची तर उभं, यात शंका उरली नाही.

मग मला वाटलं होतं की सगळं फोर-केमध्ये आडवंच घ्यावं आणि उभं नंतर कापून काढावं. पुष्कळ जण हाच सल्ला देतात आणि ठिपक्यांच्या हिशोबात तो बसतोही: २१६० उंचीच्या चित्रातून १२१५ रुंदीचा उभा तुकडा निघतो आणि रीलला १०८० बाय १९२० पुरेसं असतं. अडचण ठिपक्यांची नाही, जागेची आहे. १६:९ च्या चित्रातून ९:१६ चा तुकडा काढला की मूळ रुंदीचा जेमतेम ३२ टक्के भाग उरतो. मामा माती मळत असताना डावीकडे मातीचा गोळा, मध्ये हात आणि उजवीकडे पाण्याचं भांडं असतं. उभा तुकडा कापला की यातलं एकच काहीतरी राहतं. हात ठेवले तर ते कशावर चालले आहेत ते कळत नाही. उलट दिशेने, उभ्याचं आडवं करायला गेलात तर उंचीचा ३२ टक्केच उरतो. बाजूला धूसर पट्ट्या भरून तेच चित्र आडव्या चौकटीत बसवतात, ते टीव्हीवर बघायला मला तरी त्रासदायक वाटतं. कापून चालतं ते फक्त विषय मधोमध, स्थिर आणि एकटा असेल तेव्हा. रंगवून झालेली मूर्ती एकटी ठेवली आहे, तर खुशाल कापा. काम चालू आहे, तर नको.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि दोन गोष्टी समोर आल्या. पत्र्यावरच्या पावसात मामाचं बोलणं ऐकू येईना, म्हणून त्याचं बोलणं पाऊस थांबल्यावर वेगळं रेकॉर्ड केलं. दुसरी गोष्ट दिव्याची. पडवीतल्या ट्यूबलाइटखाली घेतलेल्या चित्रणात काळ्या पट्ट्या वरून खाली सरकत होत्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असते आणि फोन मुळात सेकंदाला ३० चौकटी, म्हणजे ३० स्थिर चित्रं, घेतो, ते दोन्ही जुळत नाहीत. सेटिंगमध्ये सेकंदाला २५ चौकटी आणि शटर, म्हणजे प्रत्येक चित्र घेण्याचा वेळ, १/५० सेकंद केल्यावर पट्ट्या गेल्या. घरातल्या दिव्याखाली चित्रण करणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्या दिवशीच करून टाकावं. दोन फोन वापरणार असाल तर दोन्हींवर सारखंच ठेवा, नाहीतर जोडताना हालचाल अडखळते.

वरून खाली बघणाऱ्या चित्रणाची एक वेगळी गंमत आहे. फोन जमिनीला समांतर ठेवला की आपण आडवे आहोत की उभे, हे त्यालाच ओळखता येत नाही. रेकॉर्डिंग सुरू होतं त्या क्षणी जी दिशा त्याला वाटते ती फाइलवर नोंदली जाते आणि नंतर फोन कितीही फिरवला तरी बदलत नाही. उपाय सोपा आहे. दांडा थोडा तिरका ठेवून हवी ती दिशा पडद्यावर आली की रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि मग दांडा हळूच खाली करायचा. एखादी फाइल कलती निघालीच तर संपादनाच्या ॲपमध्ये ९० अंशांत फिरवली की काम होतं, त्यात चित्राची प्रत बिघडत नाही.

जुलैपासून घराघरांतून पाट येऊ लागले. आमच्याकडे मूर्ती ज्या पाटावर बसणार तो पाट घरचे स्वतः शाळेत आणून देतात. पाटामागे खडूने घराचं नाव लिहिलेलं असतं. इथे परवानगीचा मुद्दा आला. मूर्ती त्या घरची, पाट त्यांचा, नाव त्यांचं. मी प्रत्येक घरी विचारलं. बहुतेकांनी आनंदाने होकार दिला, काहींनी सांगितलं की पूजेला बसेपर्यंत आमची मूर्ती दाखवू नका. ते मला पूर्ण पटलं. अशा मूर्ती चौकटीबाहेर ठेवणं उभ्या चित्रणात सोपं गेलं. आडव्यात शेजारची फळी दिसतेच, म्हणून मामाने त्या मूर्ती आतल्या खोलीत हलवल्या.

नागपंचमी, ९ ऑगस्टनंतर शाळेचा वेग बदलला. रात्रीचे दिवे, रंगांच्या वाट्या, मदतीला आलेली गावची मुलं. या दिवसांत मला जे उमगलं ते या सगळ्या खटाटोपाचं सार आहे, म्हणून थोडं थांबून सांगते.

मूर्ती उभी, म्हणून चित्रण उभं, हे मामाच्या प्रश्नातलं उत्तर मी तोवर धरून बसले होते. पांढऱ्या रंगाचा पहिला हात देताना ते बरोबर ठरलं, कारण ब्रश मुकुटापासून पायापर्यंत उतरतो. पितांबराच्या निऱ्या रंगवतानाही तसंच, रेषा वरून खाली येते. मग डोळ्यांच्या आखणीची वेळ आली. मामा मूर्ती गुडघ्यांच्या उंचीवर घेतो, डावा हात मूर्तीच्या मुकुटामागे आधाराला ठेवतो आणि उजव्या हाताची करंगळी मूर्तीच्या गालाशी टेकवून बारीक ब्रशने रेषा ओढतो. रेषा आडवी असते. दोन डोळे शेजारी शेजारी असतात. हात उजवीकडून येतो. फोन उभा ठेवला की डोळे दिसतात, पण टेकवलेली करंगळी आणि मनगट चौकटीबाहेर जातात, आणि शिकणाऱ्याला बघायची असते ती नेमकी तीच करंगळी, कारण रेषेचा सगळा तोल तिच्यावर आहे. फोन आडवा केला तेव्हा दोन्ही डोळे, ब्रश, करंगळी आणि आधाराचा डावा हात एकत्र आले. त्या उभ्या मूर्तीतलं सगळ्यात नाजूक काम आडवं होतं.

तेव्हापासून मी वस्तूचा आकार बघत नाही, हालचालीचा बघते. हात कुठून येतो, कुठे जातो, आणि त्या वाटेवर आणखी काय दिसायला हवं? वाट वर-खाली असेल तर उभं, डावी-उजवी असेल तर आडवं. मामाचा आग्रहही त्याच बाजूचा होता. मी कधी त्याच्या चेहऱ्याकडे फोन वळवला की तो म्हणायचा, "माझा तोंड कित्याक व्हया? हात दाखय."

आखणीसारखं काम दोनदा होत नाही. अशा वेळी मी मुख्य फोन आडवा आणि बहिणीचा फोन उभा असे शेजारी शेजारी लावले. सुरुवातीला एकदा टाळी वाजवायची, म्हणजे नंतर दोन्हींचा आवाज टाळीवर जुळवता येतो. आखणी चालू असताना मात्र शाळेत कुणी बोलत नाही, म्हणून फोन आधीच सुरू करून मी पडवीबाहेर जाऊन बसायचे. चित्रणासाठी त्याला "जरा थांब" किंवा "पुन्हा कर" म्हणायचं नाही, हे मी स्वतःला घालून दिलं होतं आणि ते तुम्हीही पाळा असं आग्रहाने सांगते. कारागिराचं लक्ष आपल्या चौकटीपेक्षा मोलाचं आहे.

६ सप्टेंबरला, चतुर्थीच्या आदल्या दिवशी, मूर्ती घरोघर गेल्या. शेताच्या बांधावरून जाणारी माणसांची रांग आडवी घेतली, डोक्यावर गणपती घेतलेला एकेक जण उभा घेतला. त्यात फार विचार करावा लागला नाही.

संपादनाला सप्टेंबर-ऑक्टोबर गेला. उभ्या चित्रणात पडद्याचा खालचा भाग आणि उजवी कड ही ॲपची असते. नाव, मथळा, बटणं सगळं तिथे येतं. आमच्या मूर्तींत उंदीर पायाशी बसतो, तो नेमका मथळ्याखाली झाकला जायचा. म्हणून उभं चित्रण करताना मूर्तीखाली चौकटीचा साधारण पाचवा भाग मोकळा सोडायचा. मराठी उपशीर्षकं अगदी तळाला न लिहिता त्या मोकळ्या भागाच्या वर घ्यायची. जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामने प्रोफाइलवरचे चौकोनी तुकडे उभट केले, तेव्हा मुखचित्रं पुन्हा करावी लागली. अशा बदलांवर इलाज नाही. मुखचित्रात मुख्य गोष्ट मधोमध ठेवली तर नुकसान कमी होतं.

त्याहून मोठा बदल १५ ऑक्टोबर २०२४ चा होता. यूट्यूबवर तोवर एका मिनिटापर्यंतचा उभा किंवा चौकोनी व्हिडिओच शॉर्ट धरला जात असे. त्या तारखेपासून चढवलेला तीन मिनिटांपर्यंतचा उभा किंवा चौकोनी व्हिडिओ शॉर्टमध्ये जाऊ लागला. म्हणजे अडीच मिनिटांचा माझा उभा व्हिडिओ शॉर्ट, आणि तेवढ्याच लांबीचा आडवा व्हिडिओ नेहमीचा. वर्गवारी लांबीइतकीच दिशेवरही ठरते. जोडीला, मिनिटापेक्षा लांब शॉर्टमध्ये कुणाचा हक्क असलेलं संगीत आलं तर व्हिडिओ अडवला जातो, म्हणून मी कुठलंच गाणं घातलं नाही. पावसाचा आणि ब्रशचा आवाज ठेवला.

हे महत्त्वाचं का, तर जाहिरातींतला वाटा मिळायला १,००० सदस्य (सबस्क्रायबर) आणि त्यासोबत बारा महिन्यांत ४,००० तासांचं सार्वजनिक दर्शन, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सची एक कोटी दर्शनं लागतात. शॉर्ट्सच्या फीडमध्ये बघितलेला वेळ त्या ४,००० तासांत धरत नाहीत. माझ्या बाबतीत उभ्या व्हिडिओंनी सदस्य आणले. जानेवारीत हजाराचा आकडा झाला, पण तास निम्म्यावरही नव्हते. तास आणले ते आडव्यांनी, विशेषतः माती मळण्याच्या आणि आखणीच्या लांब व्हिडिओंनी. कोणत्या उपकरणावर बघितलं जातं ते यूट्यूब स्टुडिओत दिसतं. तिथे आडव्यांपुढे टीव्हीचा मोठा वाटा दिसला, तेव्हा घरातली म्हातारी माणसं दिवाणखान्यात बसून हे बघत असावीत असं वाटून मला फार बरं वाटलं. तास पूर्ण व्हायला मे उजाडला. हे तास गेल्या ३६५ दिवसांचे असतात, जुने गळत जातात, त्यामुळे एका हंगामाच्या जोरावर वर्षभर निर्धास्त राहता येत नाही.

१९ मे २०२५ ला या वाट्यासाठी यूट्यूबकडे अर्ज केला. त्याआधी खात्याला दुहेरी पडताळणी लावावी लागते. तपासणीला साधारण महिना धरा. मला ११ जूनला होकार आला. मग ॲडसेन्सचं खातं, म्हणजे गूगल जिथून हे पैसे देतं ते. त्यात नाव पॅन कार्डावर आणि बँकेत जसं आहे, अगदी तसंच लिहा. लग्नाआधीचं-नंतरचं नाव, वडिलांचं नाव मध्ये असणं-नसणं यातच बहुतेकांचं अडतं. कराच्या माहितीत डब्ल्यू-८बेन हा अमेरिकेच्या कराचा फॉर्म येतो. नाव बघून घाबरायला होतं, पण पॅन हाताशी ठेवून शांतपणे भरला तर होतो. तो भरला नाही तर जगभरातल्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कर कापला जाऊ शकतो. भरला आणि भारत-अमेरिका करारातली सवलत मागितली, तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे झालेल्या कमाईवर १५ टक्के जातात. गणपतीच्या विषयाला अमेरिकेतली मराठी मंडळी असतातच, तेव्हा हा भाग वगळू नका.

कमाई १० डॉलर झाली की पत्ता पडताळायला टपालाने पिन येतो. तो चार महिन्यांच्या आत भरायचा असतो. मी पुण्याचा पत्ता दिला, इमारतीचं नाव आणि फ्लॅट क्रमांक पहिल्याच ओळीत लिहिला आणि सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवलं, कारण पत्र साधं असतं, सही घेऊन देत नाहीत. ते ६ ऑगस्टला आलं. रोज पेटी उघडून बघायचे दिवस फार लांबल्यासारखे वाटले. पुढे १०० डॉलरचा टप्पा ओलांडेपर्यंत पैसे निघत नाहीत. तो २०२५ च्या गणपतीत, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ओलांडला. सप्टेंबरची कमाई ऑक्टोबरच्या ७ ते १२ तारखांत पक्की होते आणि २१ ते २६ मध्ये पाठवली जाते. बँकेत आयएफएससीसोबत परदेशातून पैसे यायला लागणारा स्विफ्ट कोडही द्यावा लागतो. सगळ्या शाखांना तो नसतो, म्हणून आधीच विचारून घ्या. रक्कम परदेशातून येत असल्याने ती कशाबद्दल आहे हे बँकेने विचारलं. चॅनेलचा दुवा आणि ॲडसेन्सची पावती दिली. २७ ऑक्टोबरला खात्यात नोंद झाली, बँकेचं शुल्क वजा होऊन. ही रक्कम आयकर विवरणात दाखवायची असते. निम्मे पैसे मामाला दिले आणि तो हिशोब लिहून ठेवला.

मिळकतीचा वाटा दोन्हींना सारखा नाही, हेही जाता जाता सांगते. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातींतला ५५ टक्के भाग बनवणाऱ्याला मिळतो, शॉर्ट्समध्ये वाट्याला आलेल्या रकमेच्या ४५ टक्के. पण मूर्तीची मागणी म्हणून जे फोन मामाला आले, त्यातले बहुतेक उभा व्हिडिओ बघून आले. म्हणून फक्त पैशांकडे बघून एकाच बाजूला झुकू नये असं मला वाटतं.

२०२५ च्या हंगामात मी कामांची यादी आधीच कागदावर केली आणि प्रत्येकापुढे 'आ' किंवा 'उ' लिहिलं. माती भिजवणं आ, मळणं आ, साच्यातून काढणं उ, सोंड बसवणं उ, हात जोडणं आ, पांढरा हात उ, आखणी आ आणि जमल्यास दुसरा फोन उ. कागद पडवीच्या खांबाला चिकटवला होता. एक गोष्ट अजून सुटलेली नाही: मामा मूर्तीचा पाट स्वतःभोवती फिरवत दागिने रंगवतो तेव्हा हात आणि मूर्ती दोन्ही सतत फिरत असतात, आणि कोणत्याच चौकटीत ते नीट मावत नाही. पुढच्या मे महिन्यात फोन थोडा मागे नेऊन आणि मूळ लेन्सऐवजी दुप्पट लांबीची लेन्स लावून बघणार आहे. कुणी मातीकाम किंवा कुंभाराच्या चाकाचं चित्रण केलं असेल, तर त्यांनी हे कसं सोडवलं ते मला जरूर कळवा.